संध्याकाळचा मेळ

शेअर बाजाराचा इतिहास बहुतेकांनी रिंगणात उभं राहून लिहिलाय. आरडाओरडा, वर गेलेले हात, तेजीवाले, मंदीवाले, आणि शेवटी हर्षद मेहता. मी त्या रिंगणात कधीच उभी राहिले नाही. 1987 साली लालबागहून बस पकडून फोर्टात एका दलालाच्या पेढीवर लागले, ती मेळाच्या टेबलावर. रिंगणातून आलेले आमचे सौदे समोरच्या पार्टीच्या सौद्यांशी जुळतात की नाही, एवढंच बघायचं. पेढीवर सगळे गुजराती, मला 'बेन' म्हणायचे. शेठ भावाच्या बोर्डाकडे बघत बसायचे आणि मी वहीकडे. तेव्हापासून माझं मत असं झालंय की या धंद्याचा खरा इतिहास बोर्ड आणि वही यांच्यातल्या अंतराचा आहे. ते अंतर वाढलं की कोणीतरी बुडतं. बुडणारा बहुतेक वेळा बोर्डाकडे बघत असतो.

हे आता लिहायला घेतलं ते भाच्यामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारा बॉट चालवतो. त्या बॉटचा डॅशबोर्ड माझ्या टॅबवर उघडा असतो. हा बाजार चोवीस तास चालतो, त्याला ना रविवार ना दिवाळी. भाचा झोपतो त्या वेळी माझी झोप झालेली असते, म्हणून पहाटेची पाळी माझ्याकडे. "मावशी, तुला यातलं काय कळतं?" असं त्याने सुरुवातीला विचारलं होतं. क्रिप्टोतलं फारसं कळत नाही. बोर्डातलं कळतं.

बोर्डाची गोष्ट जुनी आहे. तारेवरून भाव छापणारं यंत्र न्यूयॉर्कमध्ये 1867 साली आलं. एडवर्ड कॅलहन नावाच्या तारखात्यातल्या माणसाने ते बनवलं, पुढे एडिसनने त्यात सुधारणा केल्या. कागदाची अरुंद पट्टी, तिच्यावर कंपनीची अक्षरं आणि भाव. दलालांच्या कचेऱ्यांत एक जण पट्टी वाचायचा आणि एक पोरगा ते आकडे खडूने मोठ्या फळ्यावर लिहायचा. पुढे सट्ट्यात अफाट पैसा मिळवून गमावणारा जेसी लिव्हरमोर बोस्टनमध्ये असाच फळा लिहायला लागला होता, चौदाव्या वर्षी. तिथून तो गेला बकेट शॉपमध्ये. बकेट शॉप म्हणजे नुसता फळा असलेलं दुकान. गिऱ्हाइकाने 'घेतले' म्हटलं तरी सौदा बाजारात जायचाच नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक फळ्यावरच्या भावावर आपसात पैज लावायचे. आपल्याकडे यालाच डब्बा म्हणतात, आणि पोलीस अजूनही अधूनमधून डब्बेवाले पकडतात. मुद्दा असा की भाव दाखवणारं यंत्र आलं आणि थोड्याच वर्षांत खोटी दुकानं उभी राहिली. भाव खरा होता, पण सौदा नव्हताच.

फळा खरा असला तरी उशिरा असू शकतो. 24 ऑक्टोबर 1929 रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे 1 कोटी 29 लाख शेअरची उलाढाल झाली आणि पट्टीचं यंत्र तासन्‌तास मागे पडलं. बाजार दुपारी 3 ला बंद झाला, शेवटचा भाव छापून आला तो संध्याकाळी 7 नंतर. देशभर लोक कचेऱ्यांत फळ्याकडे डोळे लावून उभे होते आणि फळा त्यांना सकाळचे भाव सांगत होता.

मुंबईत दलाल मंडळी आधी टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायची, 1874 च्या सुमारास दलाल स्ट्रीटवर आली आणि 1875 साली त्यांनी नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन काढली. 318 सभासद, प्रवेश फी 1 रुपया. त्याआधीचा शेअरचा मोठा वेडाचार 1861 ते 1865 चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला तेव्हाचा. बॅकबे भराव कंपनीचा 5,000 रुपये भरणा झालेला शेअर 50,000 च्या वर गेला होता. युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे चुकवायची तारीख उगवली तेव्हा चुकवायला कोणाकडे काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, मग चौकशी आयोग बसला. दिनशा वाच्छांनी 1910 साली त्या काळावर पुस्तक लिहिलं. मला यात एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. तेव्हा सौदे तोंडीच होत, बोल हवेत विरून गेले. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते बरंचसं कर्जाच्या नोंदी, दिवाळखोरीची प्रकरणं आणि चौकशीच्या कागदांमुळे, म्हणजे वह्यांमुळे.

माझ्या घरी बोर्ड पोहोचला तो मात्र दुसऱ्याच दाराने. वडील लालबागला गिरणीत, विणखात्यात. त्यांच्या तरुणपणी खात्यात आकडा चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे तो तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येई, आणि त्या भावाच्या आकड्यावर गिरणगावात पैसे लागत. ज्या कापसाचं कापड माझे वडील विणत होते त्याच कापसाचा भाव, पण लावणाऱ्याला कापसाशी काही घेणंदेणं नव्हतं. 1960 च्या आगेमागे न्यूयॉर्कहून येणारा तो आकडा बंद झाला. जुगार बंद पडायला हवा होता. त्याऐवजी कल्याणजी भगतने आणि मागोमाग रतन खत्रीने आकडा काढायची स्वतःची सोय केली. मटक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. ओपन आणि क्लोज ही नावंसुद्धा तशीच ठेवली. कापूस गेला आणि आकडा राहिला. वडिलांना मी एकदा विचारलं होतं की आकडा खरा काढतात हे तुम्हाला कसं कळायचं. ते म्हणाले, "पैसे मिळायचे ना."

हे उत्तर मी पुढे पुष्कळ ठिकाणी ऐकलं. मोठमोठ्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही.

आता माझ्या टेबलाकडे येते. त्या काळी रिंगणात सौदा तोंडी व्हायचा. एक म्हणाला 'लिया', दुसरा म्हणाला 'दिया', दोघांनी आपापल्या पॅडवर शिसपेन्सिलीने लिहिलं, की झालं. एकाच्या पॅडवर दुसऱ्याची सही नसे. जॉबर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे तारवणीवाले, एका मिनिटात किती जणांशी बोलत याला गणती नाही. रिंगणातून पेढीत फोन येई, पोरगा बोर्डावर भाव लिही, शेठ बोर्ड बघून पुढची ऑर्डर देत. बाजार उठला की पॅड माझ्याकडे. अक्षर असं की वाचणाऱ्यानेच अर्धं शोधून काढावं. आम्ही 200 लिहिलेत आणि समोरच्याने 100, आम्ही 'घेतले' लिहिलंय आणि त्यानेही 'घेतले'च लिहिलंय, असे प्रकार रोजचे. न जुळलेला सौदा म्हणजे वांधा. वांध्याची यादी घेऊन माणूस दुसऱ्या पेढीत जायचा, तिथे चहा व्हायचा, कधी भांडण व्हायचं, बहुतेकदा नुकसान अर्धंअर्धं वाटून घेतलं जायचं. तोंडी शब्दावर सगळं चालतं म्हणून या बाजाराची कौतुकं फार झाली आहेत. मी ती यादी बघितलेली आहे. शब्द पाळला जायचा हे खरं. पण कोणता शब्द दिला होता, हे ठरवायला रोज संध्याकाळी माझ्यासारखी माणसं बसवावी लागत होती.

त्यात भर बदल्याची. पैसे न भरता सौदा पुढच्या वळणात, म्हणजे हिशेब चुकवायच्या पुढच्या मुदतीत, ढकलायची ती सोय, व्याज देऊन. त्यामुळे बोर्डावर ज्याचा नफा दिसतोय त्याच्याकडे शेअरही नसायचे आणि पैसेही. दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याचं प्रकरण एप्रिल 1992 मध्ये बाहेर आलं. मला त्यात सर्वांत ओळखीचं वाटलं ते बँकांच्या पावत्यांचं. रोखे प्रत्यक्ष न देता 'रोखे आमच्याकडे आहेत' असा कागद द्यायचा. पावती होती, पण तिच्यामागे रोखे आहेत का हे कोणी जुळवून पाहिलंच नव्हतं. बदल्यावर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने डिसेंबर 1993 मध्ये बंदी घातली, तो वेगळ्या रूपात परत आला आणि 2001 च्या जुलैत कायमचा गेला.

3 नोव्हेंबर 1994 ला राष्ट्रीय शेअर बाजाराने वरळीच्या महिंद्र टॉवर्समधून शेअरचे व्यवहार सुरू केले. ना रिंगण, ना ओरडा. छतावर उपग्रहाची तबकडी आणि टेबलावर संगणक. मुंबई शेअर बाजाराने बोल्ट ही आपली संगणकी पद्धत 14 मार्च 1995 ला आणली, आणि रिंगण ओस पडलं. आमच्या शेठना हे दुःखच होतं. मला मात्र त्या वर्षी पहिल्यांदा असं वाटलं की कोणीतरी माझं काम ओळखलं. कारण पडद्यावर सौदा जुळला तो त्याच क्षणी दोन्ही बाजूंच्या वहीत लिहिला जायचा, क्रमांक आणि सेकंदासकट. वांधा हा प्रकारच संपला. एफ-1 दाबला की घेण्याची निळी खिडकी, एफ-2 ला विकण्याची लाल. निदान शेअर बाजारात बोर्ड आणि वही एका ठिकाणी आले. त्यांना एकत्र आणायला 1875 पासून धरली तर 120 वर्षं लागली.

मेळाचं काम गेलं म्हणून मला जोखमीच्या टेबलावर बसवलं, ज्याला पुढे सगळे आरएमएस म्हणू लागले. ग्राहकाने किती मार्जिन भरलंय, त्याचा सौदा किती तोट्यात आहे, कधी फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर कधी त्याचा माल विकून मोकळं व्हायचं. 21 आणि 22 जानेवारी 2008 हे दोन दिवस त्या टेबलावर काढलेल्या कोणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच कोसळून तासभर बंद ठेवावा लागला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेबीने मोठ्या संस्थांना दलालाच्या हातावाचून थेट ऑर्डर टाकायची परवानगी दिली, आणि मागोमाग संगणकच ऑर्डर टाकू लागले. तोवर बोर्ड बघणारा माणूसच ऑर्डर टाकायचा. आता ऑर्डर पडून गेल्यावर माणसाने बोर्डावर ती बघायची होती.

या बदलाचा अर्थ जगाला नाइट कॅपिटलने शिकवला. न्यूयॉर्कजवळची ही मोठी दलाल कंपनी. 1 ऑगस्ट 2012 च्या सकाळी त्यांनी नवा प्रोग्राम चालू केला. आठ सर्व्हरवर तो टाकायचा होता, सातांवर टाकला, एक राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि ऑर्डरींवर ऑर्डरी सोडत सुटला. 45 मिनिटांत 154 शेअरमध्ये 40 लाखांवर सौदे, आणि 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान. गोंधळलेल्या माणसांनी नीट चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा प्रोग्राम काढून टाकला, त्यामुळे ते सातही वेड्यासारखे वागू लागले. अमेरिकेच्या रोखे आयोगाचा पुढच्या वर्षीचा आदेश मी शब्द न्‌ शब्द वाचला आहे, कारण त्यात माझं टेबल होतं. बाजार उघडण्याआधी यंत्राने स्वतःहून 97 ईमेल पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून योजलेल्याच नव्हत्या, कोणी बघितल्या नाहीत. आणि कंपनीकडे सौद्यांवर नजर ठेवणारा डॅशबोर्ड होता, पीमॉन नावाचा. पण त्यावर कोणत्या खात्याची मर्यादा किती हे दिसत नव्हतं, मर्यादा ओलांडली तरी तो आवाज करत नव्हता, आणि उलाढाल वाढली की तो मागे पडायचा. ज्या खात्यात हे सौदे साठत होते त्याची मर्यादा 20 लाख डॉलर ठरलेली होती. ती कागदावर होती, पीमॉनशी जोडलेली नव्हती. म्हणजे 1929 चा फळाच, फक्त रंगीत. अशा वेळी काय बंद करायचं आणि ते कोणी करायचं, हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. माझ्या लेखी हाच त्या सकाळचा गुन्हा. कोड चुकतो, माणसं चुकतात. पण टेबलावर बसलेल्याला थांबवायचा अधिकार लिहून दिलेला नसेल तर त्याला तिथे बसवलंच कशाला?

क्रिप्टोची मंडळी हे सगळं शिकून आली असतील असं वाटतं. ती काहीच न शिकता आली. 2013 साली जगातले बहुतेक बिटकॉइनचे सौदे टोकियोच्या माउंट गॉक्स नावाच्या बाजारात होत. त्याच्या सौद्यांच्या नोंदी बाहेर फुटल्या तेव्हा लोकांना एक विचित्र गिऱ्हाईक सापडलं. दर काही मिनिटांनी ठरावीक माल घेणारं, घेतच राहणारं, आणि इतरांसाठी बाजाराचं यंत्र बंद असतानाही घेणारं. त्याला नाव पडलं विली. फेब्रुवारी 2014 मध्ये गॉक्स बुडालं, साडेआठ लाख बिटकॉइन गायब म्हणून जाहीर झाले, त्यातले दोन लाख नंतर सापडले. मालक मार्क कारपेलेस याने 2017 साली टोकियोच्या कोर्टात कबूल केलं की असा आपोआप खरेदी करणारा प्रोग्राम कंपनीचाच होता. हजारो लोक आपापल्या पडद्यावर शिल्लक बघत होते. शिल्लक बोर्डावर होती.

त्याच काळात सामान्य माणसाच्या हातात बॉट आले. 2013 मध्ये गेको हा फुकटचा प्रोग्राम, मग पैसे घेऊन चालणाऱ्या सेवा, आणि 2017 पासून फ्रीकट्रेड, जो भाचा वापरतो. पायथनमध्ये लिहिलेला, कोड सगळ्यांना खुला. त्याचा डॅशबोर्ड वरवर साधा आहे. चालू सौदे, कोणत्या भावाला घेतलं, आता काय भाव आहे, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, कुठे आहे, नफा-तोटा किती टक्के. खाली बंद झालेले सौदे आणि एकूण नफ्याची चढती-उतरती रेघ. बाजूला बटणं: चालू करा, थांबवा, नवे सौदे घेणं बंद करा, हा सौदा ताबडतोब विका.

बघणारे नव्वद टक्के लोक त्या रेघेकडे बघतात. मी सर्वांत शेवटी रेघ बघते. आधी लॉग उघडते. त्यात बॉट मिनिटामिनिटाला 'मी जिवंत आहे' अशी एक ओळ टाकतो, तिला हार्टबीट म्हणतात. ती ओळ थांबलेली असेल तर पडद्यावरचे सगळे आकडे शिळे. मग बाजाराच्या ॲपमध्ये वेगळं लॉगिन करून शिल्लक बघते आणि बॉटच्या शिल्लकेशी जुळवते. जुळत नाही असं होतंच. बॉटने ऑर्डर रद्द केली असं त्याच्या वहीत असतं, पण रद्द होण्याआधी तिचा थोडा हिस्सा भरला गेलेला असतो. बाजाराने कमिशन वेगळ्याच नाण्यात कापलेलं असतं. हा वांधाच. फक्त चहा प्यायला समोर दुसऱ्या पेढीतला माणूस नाही.

पुढची गोष्ट भाच्याला मी विचारेपर्यंत महत्त्वाची वाटली नव्हती. स्टॉपलॉस डॅशबोर्डवर दिसतो, पण तो असतो कुठे? सुरुवातीच्या सेटिंगमध्ये तो बॉटच्या डोक्यात असतो. भाव खाली आला हे बॉटने बघितलं तर तो विकणार. वीज गेली, सर्व्हर पडला, नेट तुटलं, तर स्टॉपलॉसही गेला, आणि पडद्यावर शेवटचा आकडा लालहिरवा चमकत राहतो. तो बाजाराच्याच वहीत नोंदवून ठेवायची वेगळी सोय आहे, ती चालू करावी लागते. रिंगणात जाताना गिऱ्हाइकाची सूचना कारकुनाच्या खिशात आहे की पेढीच्या वहीत, यावरून आमच्याकडे शेठ माणसं पारखत.

भाच्याचे बॉट दोन आहेत. एक खोट्या पैशांवर सरावासाठी चालतो, दुसरा थोड्या खऱ्या पैशांवर. दोघांचे डॅशबोर्ड शेजारी शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, डावपेचही एकच. तरी खोट्या पैशांचा बॉट नेहमी जरा जास्त कमावतो. कारण त्याची ऑर्डर बाजारात जातच नाही. बोर्डावर जो भाव दिसला तो त्याला मिळाला असं धरलं जातं. खऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं. बोस्टनमध्ये बकेट शॉपात पैसे करणारा लिव्हरमोर न्यूयॉर्कच्या खऱ्या बाजारात आला तेव्हा याच फरकाने सुरुवातीला बुडाला होता.

खऱ्या पैशांचा बॉट भारतात फार पळवता येत नाही याला आणखी एक कारण आहे. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. 1 जुलै 2022 पासून विकताना 1 टक्का टीडीएस. साधा हिशेब करा: 1 लाख रुपये भाव जराही न हलता 100 वेळा घेऊन विकले, तर हातात 37 हजारही राहत नाहीत. बाकीचे टीडीएस म्हणून जमा, विवरणपत्र भरून परत मागेपर्यंत अडकलेले. भाच्याच्या डॅशबोर्डवर टीडीएसचा रकानाच नाही. परदेशी माणसांनी बनवलाय, त्यांना काय माहीत. तो रकाना मी वहीत ठेवते. हो, कागदाच्या वहीत.

किल्ल्यांचं प्रकरणही सांगायला हवं. बॉटला बाजारात ऑर्डर टाकता यावी म्हणून एपीआय किल्ली द्यावी लागते. किल्लीला परवानग्या असतात: बघणं, सौदे करणं, पैसे बाहेर पाठवणं. शहाणे लोक तिसरी परवानगी देत नाहीत आणि निर्धास्त होतात. 2022 च्या शेवटी थ्रीकॉमाज या मोठ्या बॉट सेवेच्या ग्राहकांच्या किल्ल्या फुटल्या. आधी कंपनी नाही म्हणत होती, 28 डिसेंबरला तिच्या प्रमुखाने मान्य केलं. चोरांना पैसे काढायची परवानगी नव्हती. त्यांनी कोणी हात लावत नाही असं एखादं बारकं नाणं निवडलं, तुमच्या खात्यातून ते वाटेल त्या भावाला घ्यायला लावलं, आणि विकणारे तेच. पैसे सौद्याच्या वाटेने गेले. डॅशबोर्डवर हे सगळे सौदे रीतसर दिसत होते.

आणि 21 फेब्रुवारी 2025. दुबईच्या बायबिट या बाजारातून सुमारे 150 कोटी डॉलरचं इथर हे नाणं चोरीला गेलं, तोवर उघडकीला आलेली क्रिप्टोतली सर्वांत मोठी चोरी. सही करणाऱ्यांच्या पडद्यावर नेहमीची बदली दिसत होती, एका तिजोरीतून दुसरीत. प्रत्यक्षात ते तिजोरीचा ताबा देत होते. चोरांनी पडदा रंगवणारा कोडच बदलला होता. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्सचे 18 जुलै 2024 ला सुमारे 23 कोटी डॉलर गेले, तेव्हाही कंपनीने असंच सांगितलं होतं की पडद्यावर दिसत होतं ते आणि सही झाली ते वेगळं होतं. तिजोरी सांभाळणाऱ्या कंपनीने आपला दोष नाकारला. वझीरएक्सच्या ग्राहकांची शिल्लक पडद्यावर होती, पण वर्षाहून अधिक काळ हाताला लागत नव्हती. गिरणगावातले किती जण त्यात आहेत हे मी आमच्या सोसायटीच्या जिन्यात ऐकते. आकड्याला पैसे लावणाऱ्यांचे नातू.

11 ऑक्टोबर 2025 च्या पहाटे मी पाळीवर होते. अमेरिकेच्या चीनवरच्या नव्या आयातकराच्या धमकीनंतर बाजार तुटला, उसन्या पैशांवरचे 1,900 कोटी डॉलरचे सौदे एका दिवसात मोडले गेले. डॉलरला बांधलेलं यूएसडीई हे नाणं बायनान्स या बाजाराच्या बोर्डावर 65 सेंटांपर्यंत उतरलं, इतर ठिकाणी ते डॉलरच्या आसपासच होतं. एका दुकानाच्या फळ्यावरचा भाव, पण त्या दुकानातले सौदे त्याच भावाने मोडले गेले. बायनान्सने नंतर भरपाई दिली. आमच्या बॉटमध्ये ते नाणं नव्हतं. मी 'नवे सौदे बंद' हे बटण दाबलं, बाजाराची शिल्लक वहीत उतरवली आणि भाच्याला उठवलं नाही. बटण दाबायचा अधिकार त्याने मला आधीच लिहून दिला होता. त्याशिवाय मी पाळी घेतलीच नसती.

आता वाचकांना एक विनंती. फोर्टातल्या जुन्या पेढ्या बंद झाल्या तेव्हा रिंगणातली पॅडं, वांध्याच्या याद्या, बदल्याचे हिशेब पोत्यांनी रद्दीत गेले. आमच्या पेढीचेही गेले. तुमच्या घरात कोणी दलाल, कारकून किंवा जॉबर होऊन गेलं असेल आणि माळ्यावर 1995 आधीच्या अशा वह्या पडल्या असतील, तर त्या रद्दीवाल्याला देण्याआधी विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या माणसाला दाखवा. त्या काळचे भाव वर्तमानपत्रांच्या फायलींत मिळतात. कोणी कोणाला काय विकलं हे फक्त त्या वह्यांत आहे.